चंदा लंडनचा, चावी कोणाची?

2014 साली अस्तराच्या कापडाचे नमुने घेऊन मी लंडनला गेलो होतो. सौदा काही जमला नाही. भावात थोडक्यासाठी अडले आणि नमुन्यांची पेटी जशीच्या तशी परत आली. परंतु ज्या व्यापाऱ्याकडे गेलो होतो त्याने शुक्रवारी दुकान बंद करून मला जुम्याच्या नमाजला नेले. हा गृहस्थ सिल्हटचा बंगाली. त्याचे वडील तेथे चामड्याच्या जाकिटांच्या कारखान्यात मशीन चालवीत असत. व्हाइटचॅपल रोडवरील ईस्ट लंडन मशिदीच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "भाईसाहेब, चंदा सुरू झाल्यापासून ही इमारत उभी राहायला पंचाहत्तर वर्षे लागली."

मला वाटले, बोलण्याच्या भरात आकडा वाढला असेल. नंतर माहिती काढली तेव्हा आकडा बरोबर निघाला. व्यापाराच्या पानावर मशिदीची गोष्ट कशाला, असे काही वाचक विचारतील. पण ही गोष्ट जितकी मशिदीची तितकीच जमाखर्चाच्या वहीची आहे. शिवाय ज्या मोहल्ल्यात ती घडली तो मोहल्ला दोन-तीनशे वर्षे कापडावरच जगला.

आधी त्या मोहल्ल्याविषयी. 1685 मध्ये फ्रान्सच्या बादशहाने प्रॉटेस्टंट लोकांना दिलेली सूट काढून घेतली, तेव्हा हजारो कुटुंबे पळून लंडनला आली. त्यांतील रेशीम विणणारे स्पिटलफिल्ड्स भागात वसले. मागावर उजेड पडावा म्हणून त्यांनी घरांच्या माळ्याला रुंद खिडक्या केल्या, त्या आजही दिसतात. आपल्याकडच्या छापील सुती कापडाने या विणकरांचे पोट मारले होते. 1719 मध्ये त्यांनी दंगल केली आणि रस्त्यात हिंदुस्थानी छिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावर शाई व तेजाब फेकले. 1721 मध्ये तेथील पार्लमेंटने छापील सुती कापड वापरण्यावर बंदीचा कायदा केला. त्या विणकरांच्या मोहल्ल्यात उभे राहून मी हिंदुस्थानी कापडाचे नमुने दाखवीत होतो, याचे मला नंतर हसू आले.

याच विणकर समाजाने 1743 मध्ये ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर आपले प्रार्थनाघर बांधले. पुढे ते मेथडिस्ट पंथीयांकडे गेले. 1898 मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी लोकांनी तेथे आपले सिनेगॉग केले. हे यहुदी बहुतेक शिंपी आणि टोपीवाले. ते श्रीमंत होऊन दुसऱ्या भागांत राहायला गेले आणि 1976 मध्ये त्याच इमारतीत जामे मस्जिद सुरू झाली. भिंती त्याच, नमाजी बदलले. मोहल्ल्यात नवी माणसे येतात, शिलाई नगावर करतात, पैसा जमला की निघून जातात, आणि जागा पुढच्यांच्या हाती लागते.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. ईस्ट लंडन मशिदीचा उगम या मोहल्ल्यात झालाच नाही. 9 नोव्हेंबर 1910 रोजी लंडनच्या रिट्झ हॉटेलात सभा भरली. पुढाकार कलकत्ता हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती सय्यद अमीर अली आणि आगाखान यांचा. राजधानीला शोभेल अशी मशीद बांधायची असे ठरले आणि लंडन मस्जिद फंड निघाला. विश्वस्तांत मोठमोठी नावे होती, लॉर्ड रॉथशिल्डसारखे यहुदी सावकारही होते. पुढील काळात कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे दोघेही या फंडाच्या विश्वस्तांत आले. एक अब्दुल्ला युसुफ अली, ज्यांचा जन्म 1872 मध्ये मुंबईचा, आणि दुसरे मार्माड्यूक पिक्थॉल, ज्यांनी मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादन केले होते.

एवढी नावे असूनही जागा मिळायला सुमारे 30 वर्षे लागली. फंडाची रक्कम पडून राहिली. लंडनमध्ये घराचा भाव त्या रकमेच्या नेहमी एक पाऊल पुढे असायचा. या काळात फंडातून भाड्याची खोली घेऊन जुम्याची नमाज चालवली जाई, पण ती पश्चिम लंडनमध्ये, नॉटिंग हिलसारख्या भागात. जहाजांच्या भट्ट्यांत कोळसा टाकणारे लष्करी, म्हणजे सिल्हट वगैरे भागांचे खलाशी, राहत होते पूर्वेला, गोदीजवळ. दिवसाच्या मजुरीवर जगणारा माणूस शहर ओलांडून नमाजला कसा जाणार? आमच्या धंद्यातही असे होते. गिऱ्हाईक एका बाजाराचे आणि गोदाम दुसऱ्या टोकाला.

या गरीब लोकांनी 1934 मध्ये जमीयतुल मुस्लिमीन नावाची आपली संस्था काढली. पूर्वेकडे मशीद हवी हा आग्रह त्यांचाच. शेवटी 1940 मध्ये फंडाच्या पैशातून कमर्शियल रोडवरील एकमेकांना लागून असलेली तीन घरे विकत घेतली गेली. महायुद्ध चालू होते आणि या भागावर जर्मनांचे बॉम्ब पडत होते. 1 ऑगस्ट 1941 रोजी, शुक्रवारी, सौदी अरबस्तानचे वकील शेख हाफिज वहबा यांनी तेथे पहिली नमाज पढविली.

येथपर्यंत सर्व ठीक. रोजचा कारभार जमीयतकडे दिला होता. परंतु दोनच वर्षांत, 1943 मध्ये, विश्वस्तांनी तो काढून घेतला. खलाशी आणि कामगार चिडले, मिरवणूक काढून निषेध केला. कागदावर मालक विश्वस्त होते, त्यामुळे चावी त्यांच्याकडेच राहिली. मला यात कोणा एकाचा दोष दिसत नाही. विश्वस्त म्हणणार, पैसे आम्ही जमविले आणि हिशेबाचे उत्तर आम्हाला द्यायचे आहे. कामगार म्हणणार, सफ आम्ही भरतो आणि मय्यतीला खांदा आम्ही देतो. तंटा होण्याचे कारण असे की, कोणाचा अधिकार कोठपर्यंत, हे घर घेण्यापूर्वी नीट लिहून ठरलेले नव्हते.

ब्रिटिश सरकारने याच काळात दुसरीकडे हात मोकळा सोडला होता. 1940 मध्ये मध्य लंडनमध्ये मशीद आणि इस्लामी केंद्रासाठी एक लाख पौंड मंजूर झाले आणि रीजंट्स पार्कजवळ जागा मिळाली. 1944 मध्ये बादशहा सहावे जॉर्ज यांनी केंद्राचे उद्घाटन केले. निजाम सरकारचा पैसाही लंडनच्या मशिदीसाठी गेला होता. 1937 मध्ये निजामाच्या शहजाद्याने पश्चिम लंडनमध्ये तिचा पाया घातला होता, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या महसुलाचाही त्यात थोडा अंश आलाच. तरी रीजंट्स पार्कची मशीद पुरी व्हायला 1977 साल उजाडले. सरकारी पैसा आला म्हणजे काम लवकर होते असे नाही.

कमर्शियल रोडची तीन घरे चौतीस वर्षे चालली. यहुदी शिंपी गेले, त्यांच्या मशिनींवर सिल्हटी बसले. आधी पुरुष एकटे येत, एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि पैसे गावी पाठवीत. पुढे कायदे कडक होत गेले तशी बायकामुले आणून घेण्याची घाई झाली. कुटुंब आले की मुलांना शिकवायला जागा लागते, निकाहाला जागा लागते, बायकांना बसायला जागा लागते. एकट्या माणसाला चटईपुरती जागा चालते.

नेमक्या अशा वेळी, 1975 मध्ये, लंडनच्या कौन्सिलने ती तीन घरे सक्तीने संपादन केली. बदल्यात व्हाइटचॅपल रोडवर जागा आणि तात्पुरत्या तयार खोल्या मिळाल्या. माझ्या व्यापारी मित्राचे लहानपण या खोल्यांत गेले. पावसात छत इतके वाजे की इमामसाहेबांचा आवाज ऐकू येत नसे, असे तो सांगत होता. बाहेर दिवस वाईट होते. 4 मे 1978 रोजी अलताब अली नावाच्या तरुण शिलाई कामगाराला कामावरून घरी जाताना पोरांनी भोसकून मारले. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याच्या जनाजाच्या पेटीमागून पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेले. आपली जागा हवी ही गोष्ट त्या मोहल्ल्यात तेव्हा चैनीची राहिली नव्हती.

1982 मध्ये पक्क्या मशिदीचे काम सुरू झाले आणि 1985 मध्ये ती उघडली. मोठी देणगी सौदीचे राजे फहद यांची होती, बाकी चंदा.

येथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. मोहल्ल्यातील सर्वांना मशीद म्हणजेच आपले केंद्र असे वाटत नव्हते, आजही वाटत नाही. अनेकांना बांगला भाषा प्राणाहून प्रिय. अलताब अलीच्या नावाच्या बागेत 1999 मध्ये त्यांनी शहीद मिनार उभारला. 1952 मध्ये ढाक्यात बांगला भाषेसाठी पोलिसांच्या गोळ्या खाल्लेल्या तरुणांची ती यादगार आहे. फक्त उर्दूच राजभाषा करण्याविरुद्ध तो लढा होता. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस. मित्र हे सांगत असताना जरा अवघडलो. तो हसून म्हणाला, "तुमची उर्दू गोडच आहे, आमच्यावर लादली म्हणून कडू झाली." ती बाग मशिदीपासून चालत थोड्याच अंतरावर आहे. त्याच्या घरचे लोक दोन्हीकडे जातात.

मशिदीच्या शेजारची मोकळी जमीन इमारतवाल्यांना मिळणार असे 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस दिसू लागले. तेव्हा मोहल्ला उठला. जुन्या तंट्यापेक्षा या वेळची रीत वेगळी होती. ख्रिस्ती चर्च आणि इतर संस्था यांच्या संयुक्त संघटनेत मशीद आधीपासून सभासद होती, त्यामुळे जमिनीच्या मागणीला शेजाऱ्यांचाही आवाज मिळाला. जमीन मिळाली. लोकांनी चंदा दिला, काहींनी कर्जे हसना म्हणजे बिनव्याजी उसने दिले, सरकारी निधीही आला. 11 जून 2004 रोजी लंडन मुस्लिम सेंटर उघडले. मक्केचे इमाम अब्दुर्रहमान सुदैस यांनी नमाज पढविली आणि रस्त्यापर्यंत सफा लागल्या. 2013 मध्ये बायकांसाठी मरियम सेंटर ही स्वतंत्र इमारत झाली.

आपल्या व्यापारी बांधवांनी पाहण्यासारखी गोष्ट यापुढे आहे. सेंटरमध्ये सभागृहे आहेत, शिकवणीचे वर्ग आहेत आणि कचेऱ्यांचे गाळे आहेत. हॉल लग्नाला आणि सभेला भाड्याने जातो, गाळ्यांचे भाडे येते. दिवाबत्ती, पाणी, सफाई, नोकरांचा पगार हा खर्च दर महिन्याला उभाच असतो. तो सगळाच जुम्याच्या झोळीवर टाकला तर थंडीच्या दिवसांत झोळी हलकी होते.

आमच्या गावातही जमातखान्याचा फंड आहे. गावाचे नाव लिहीत नाही, लोक रागावतील. माझे वालिद जिवंत असताना पहिली पावती फाटली. प्लॉट घेतला, कंपाउंड घातले आणि मग तळमजल्यावर दुकाने काढायची की नाहीत यावर जमात दोन तुकड्यांत फुटली. एक बाजू म्हणते दुकानदार चढून बसतील, पगडी मागतील, जागा सोडणार नाहीत. भीती खोटी नाही, मी स्वतः भाडेकरू आहे. दुसरी बाजू म्हणते, दुकाने नसतील तर विजेचे बिल कोण भरणार? मी दुसऱ्या बाजूचा, पण भाडेकरार अकरा महिन्यांचा असावा आणि विश्वस्तांच्या नातेवाइकांना गाळा देऊ नये या अटीवर. ही अट मांडल्यापासून दोघे विश्वस्त माझ्या दुकानाच्या पायरीवर आलेले नाहीत.

लंडनचा मित्र अधूनमधून फोन करतो. 2015 मध्ये त्याने कळविले की, सेंटरला लागून असलेले यहुदी लोकांचे जुने सिनेगॉग मशिदीने विकत घेतले. 1899 सालची ती इमारत. नमाजी उरले नाहीत म्हणून त्यांच्याच लोकांनी ती विकली. त्याच्या वडिलांना मशीन शिकविणारा यहुदी मालक तेथेच प्रार्थनेला जात असे. अस्तराच्या भावाची गोष्टही त्याने पुन्हा काढली. मी नमुने पुन्हा पाठविले आहेत.