सरवा, घाणा आणि दयेचं दार

मशीद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद मुसलमानांचीच, असं आपण धरून चालतो. पण मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आपल्या प्रार्थनामंदिरालाही मशीदच म्हणत, आणि स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी ती 1796 मध्ये बांधली. आज तिचं नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. या दयेबद्दलही असेच काही गैरसमज आहेत.

गैरसमज: ज्यूंच्या शास्त्रातला देव नुसता कोपिष्ट, दया आली ती नंतर, ख्रिस्ताबरोबर.

वस्तुस्थिती: कोप आहेच, तो झाकायला नको. पण कोणावर ते पाहावं. त्याच शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात देव भडकतो तो विधवेला आणि पोरक्याला छळणाऱ्यावर. आणि 'रहमीम', म्हणजे दया, या हिब्रू शब्दाचं नातं 'रेहेम'शी, म्हणजे आईच्या गर्भाशयाशी. आपण पोटची माया म्हणतो, तीच.

गैरसमज: दया म्हणजे दानधर्म, ज्याची त्याची मर्जी.

वस्तुस्थिती: इथे आपला जुना शब्द कामी येतो, सरवा. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं. लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात मालकाला ती उचलायची मुभाच नाही. शेताचा कोपराही न कापता सोडायचा, गरिबासाठी आणि परक्यासाठी. अनुवाद नावाच्या पुस्तकात तर विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नाही. त्याच शास्त्रातली, मवाब देशातून आलेली विधवा रूथ बवाज नावाच्या मालकाच्या शेतात सरवा वेचते. बवाजाने मुद्दाम चार कणसं जास्त पाडायला लावली हे खरं, पण वेचायला ती आधीच मोकळी होती. तिला हात पसरावा लागला नाही. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं, तर तेही सूर्य मावळताना परत करायचं. पठाण सावकाराच्या व्याजाने पिचलेल्या मुंबईच्या गिरणगावाला हा सावकारीचा कायदा भलताच आवडला असता!

दुःख म्हणजे पापाचं फळ, हा समजही खरा नाही. याच शास्त्रातल्या, संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र तेच घोकत बसले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावरच.

गैरसमज: ही काळजी आपल्या माणसांपुरती.

वस्तुस्थिती: कोकणात बेने इस्रायली तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शब्बाथाच्या आज्ञेत विसाव्याची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, वेशीआतला परका, गाढव आणि बैल. घाणा बंद, म्हणजे एरवी डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरणारा बैलही त्या दिवशी दावणीला रवंथ करत उभा.