मानेतली गाठ आणि चाचपणारी बोटं

दाढी करताना किंवा वेणी घालताना जबड्याखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते आणि मनात कॅन्सरची पाल चुकचुकते. मग बोटं दिवसभर तिथंच. कालच्यापेक्षा वाढली का? कडक लागतेय का? घरच्यांनाही चाचपायला लावलं जातं.

अशी गाठ बहुतेकदा सुजलेली लसिका ग्रंथी असते. अशा ग्रंथी शरीरात सुमारे ६०० असतात. जंतू शिरले की जवळच्या ग्रंथीत पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि ती सुजते. दाढ किडली की जबड्याखाली, उवांमुळे डोकं खाजवून जखमा झाल्या की मानेच्या मागे, पायातला काटा चिघळला की जांघेत अवधाण येतं. आजार गेला तरी ग्रंथी लगेच उतरत नाही. कधी आत व्रण राहतो आणि छोटी, हलती गाठ वर्षानुवर्षं तशीच हाताला लागते. तिच्यापासून सहसा धोका नसतो.

सतत दाबल्याने मात्र ती जागा हुळहुळी होते आणि तेच दुखणं आजाराचा नवा पुरावा वाटू लागतं. एक-दोन मिलिमीटरचा फरक बोटांना कळतच नाही.

चार आठवड्यांत न उतरलेली, वाढत जाणारी, टणक किंवा न हलणारी गाठ दाखवायलाच हवी. कॉलरबोनच्या वरची गाठ असेल, किंवा सोबत ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, घटणारं वजन असेल, तर चार आठवडेही थांबू नये. आपल्याकडे मानेतल्या रेंगाळणाऱ्या गाठीमागे अनेकदा क्षय निघतो. जुनी माणसं त्याला गंडमाळ म्हणत. साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होतो. पण उपचार चालू असताना गाठ वाढू शकते, कोर्स संपल्यावरही उरू शकते आणि तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं ठरत नाही. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. न सांगितल्यामुळे माणसं महिनोन्‌महिने धास्तावून राहतात.

सुईच्या तपासणीत निदान झालं नाही, तर गाठ काढून बायोप्सी करावी लागते. त्याआधी गाठ जिरवायला म्हणून स्टेरॉइड घेऊ नयेत. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, असेल तर गाठ तात्पुरती विरते आणि बायोप्सीतलं निदान हुकू शकतं.

म्हणून गाठ एकदा डॉक्टरांना नीट दाखवा, आकार मोजून लिहून घ्या, पुढच्या तपासणीची तारीख ठरवा आणि तोवर तिला हात लावू नका. तपासण्या चांगल्या येऊनही झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. या भीतीवरही उपचार आहेत आणि समुपदेशनाने ती कमी होते.