कागद खर्च होतो, जागा अडते

आज आपण विद्यापीठाच्या एखाद्या विभागातल्या दोन सामायिक गोष्टींबद्दल बोलणार आहोत. एक म्हणजे सगळ्यांचा मिळून असलेला प्रिंटर आणि दुसरी म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स जिथे राहतात तो सर्व्हर. विषय किरकोळ वाटेल. पण प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री ‘डिस्क फुल’ असा संदेश आला, की तो किरकोळ राहत नाही.

पुष्कळदा दोन्हींना एकच न्याय लावला जातो: माणशी इतकी पानं, माणशी इतके जीबी. घोळ होतो तो इथेच. छपाई म्हणजे पेट्रोल. जाळलं की संपलं, परत येत नाही. डिस्कवरची जागा म्हणजे पार्किंग. गाडी उभी आहे तोवर जागा अडली, गाडी काढली की मोकळी झाली. म्हणून छपाईत विचारायचं, ‘महिन्याला किती खर्च झाला?’ आणि डिस्कच्या बाबतीत विचारायचं, ‘आज कोण उभं आहे, आणि कधीपासून?’

आधी छपाई घेऊ. समजा, २५० पानांचा प्रबंध आहे आणि चार प्रती हव्यात. झाली १००० पानं. एका बाजूला छापलं तर ५०० कागदांची दोन रिमं लागतात, दोन्ही बाजूंनी छापलं तर एक पुरतं. नियम जिथे परवानगी देतात तिथे प्रिंटर मुळातच ‘दोन्ही बाजू’वर लावून ठेवला, तर कुणाचीही पानं न कापता कागद निम्म्यावर येतो. मर्यादेचा विचार त्यानंतर.

नुसती पानं मोजूनही भागत नाही बरं का. टोनरच्या डब्यावर जो पानांचा आकडा असतो, तो साधारण ५ टक्के भाग काळा असलेल्या पानाचा हिशोब असतो. पानभर फोटो किंवा गडद पार्श्वभूमीच्या स्लाइड्स छापल्या, तर तोच डबा त्याच्या कितीतरी आधी संपतो. त्यामुळे मजकूर छापणारा आणि स्लाइड्स छापणारा, दोघांची शंभर पानं सारखी नसतात.

आता मर्यादा कशी लावायची? लिनक्सवर छपाईसाठी सर्रास वापरली जाणारी ‘कप्स’ ही प्रणाली ठरावीक काळात अमुक इतकीच पानं, अशी मर्यादा घालू देते. पण तिथे मर्यादा माणसावर नसते, प्रिंटरवर असते. त्या प्रिंटरच्या सगळ्या वापरकर्त्यांना ती सारखीच लागू होते. मग पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि प्रबंध छापणारा संशोधक एकाच मापात येतात. यावर सोपा उपाय आहे: एकाच यंत्रासाठी दोन रांगा करायच्या. एक रोजच्या कामाची, कमी मर्यादेची. दुसरी प्रबंधाची, जास्त मर्यादेची, आणि तिथे फक्त त्या सत्रात प्रबंध देणाऱ्यांनाच प्रवेश.

आता डिस्क. मर्यादाच नसेल तर काय होतं? एकानं ५०० जीबीचे व्हिडिओ टाकले की डिस्क भरते, आणि ज्यानं काहीच केलेलं नाही त्याचा प्रबंध सेव्ह होत नाही. म्हणजे मर्यादा ही माझ्यावरचा अविश्वास नसून शेजाऱ्यापासून मला मिळालेलं संरक्षण आहे. युनिक्सच्या बर्कली आवृत्तीत १९८३ साली आलेली कोटा-व्यवस्था मेलबर्न विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या रॉबर्ट एल्झ यांची. म्हणजे ही सोयसुद्धा एका विद्यापीठ विभागातूनच आली.

तिच्यात दोन मर्यादा असतात: एक मऊ, एक कडक. समजा मऊ २० जीबी आणि कडक २५. आजच्या लिनक्सवर २० ओलांडले तरी काम चालू राहतं, फक्त सवलतीचा काळ मोजायला सुरुवात होते. तो सहसा सात दिवसांचा ठेवलेला असतो. तेवढ्यात आवरलं नाही, तर नवीन लिहिणं बंद. २५ ला मात्र लगेच बंद. जुन्या फाइल्सना कोणी हात लावत नाही. मधले पाच जीबी आणि सात दिवस फार मोलाचे, कारण माणसाला आवरायला वेळ मिळतो. पण मर्यादा ओलांडल्याची सूचना ईमेलनं जायलाच हवी. कळलंच नाही, तर सवलतीचा उपयोग काय?

खरी अडचण पुढेच आहे. समजा विभागाकडे २ टीबी जागा आहे. दरवर्षी २० विद्यार्थी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचे २० जीबी तसेच राहतात. वर्षाला ४०० जीबी. पाच वर्षांत सगळी डिस्क गेलेल्यांच्या फाइल्सनीच भरली! सर्रास पुसून टाकणंही बरोबर नाही. त्यात कुणाच्या क्षेत्रकामातल्या मुलाखती असतील, त्या पुन्हा मिळायच्या नाहीत. म्हणून ‘नो ड्यूज’च्या अर्जावर एक ओळ वाढवावी: कोणती सामग्री ठेवायची, आणि यापुढे ती कोणाच्या नावावर? मार्गदर्शकांची सही घ्यावी. बाकीचं, आधी कळवून आणि मुदत देऊन, काढावं.

‘क्लाउडवर टाका, तिथे कुठे मर्यादा?’ असं कोणी म्हणेल. शैक्षणिक संस्थांना अमर्याद जागा देणाऱ्या गूगलनं २०२१ मध्ये धोरण बदललं. २०२२ पासून संस्थेला मिळून १०० टीबी. २०,००० विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात हे माणशी ५ जीबी होतात. म्हणजे पार्किंगचा प्रश्न तिथेही आहेच.

तेव्हा सत्र सुरू होण्याआधी विभागानं एका पानावर लिहून लावावं: मर्यादा किती, सूचना कधी येणार, वाढवून हवी असेल तर कोणाला विचारायचं आणि उत्तर किती दिवसांत मिळणार. हे आधी ठरलेलं असलं, की ऐनवेळी ओळखीच्या माणसाला जास्त आणि बुजऱ्या विद्यार्थ्याला कमी, असं होत नाही. आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.