थंड पाण्यातील कॉफी : घरगुती साधने व घ्यावयाची काळजी

विदर्भात कॉफीचे पीक म्हटले की चिखलदऱ्याचे नाव निघते. गाविलगडच्या डोंगरात सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा या झाडास मानवते. नागपूरच्या सपाट मुलखात कॉफी दुकानातूनच आणावी लागते, आणि वैशाखात ती उकळून पिण्याची इच्छाही होत नाही. अशा दिवसांत कॉफीची भरड थंड पाण्यात रात्रभर भिजवून अर्क काढता येतो. उष्णतेने काही मिनिटांत होणारे काम येथे वेळ करतो. कडवट व आंबट द्रव्ये थंड पाण्यात कमी उतरत असल्याने हा अर्क चवीला सौम्य लागतो.

परंतु उकळण्याने पाण्यातील जंतू मरतात, तो लाभ या रीतीत मिळत नाही. पारा ४४ अंशांवर असताना ओली कॉफी ओट्यावर बारा तास ठेवणे म्हणजे जंतूंना आयते घर देणे होय. कॉफीचा वास उग्र असल्यामुळे बिघाड नाकालाही कळत नाही. म्हणून पाणी प्रथम खळखळून उकळावे व झाकून निववावे. बरणी, गाळणे व फडकेही उकळत्या पाण्यातून काढावे.

भुकटी घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा. बाजारातील पुष्कळशा भुकटीत चिकोरी मिसळलेली असते व तिचे प्रमाण तेथे छापलेले असते. चिकोरीविरहित भाजलेले बी आणून खलबत्त्यात लापशीच्या रव्याएवढे जाडसर कुटणे उत्तम. बारीक भुकटीने फडके तुंबते आणि गाळ अर्कात उतरतो. पाण्यात तत्काळ विरघळणारी कॉफी या कामाची नाही.

५० ग्रॅम भरडीस ४०० मिलिलिटर पाणी घ्यावे. काचेची बरणी किंवा स्टेनलेस स्टीलचा डबा वापरावा; लोणच्याच्या बरणीचा वास जात नाही आणि कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे वर्ज्य समजावे. भरड पाण्यात ढवळून घट्ट झाकण लावावे. घरी शीतकपाट असल्यास बरणी त्यात १२ ते १६ तास ठेवावी. नंतर मलमलीच्या दुहेरी फडक्यातून अर्क आपोआप गळू द्यावा. फडके पिळू नये. भरड स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे ३०० मिलिलिटरच्या आसपास अर्क हाती येतो.

शीतकपाट नसल्यास मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत नदीची वाळू भरावी. वाळू ओली ठेवावी, आत झाकणबंद बरणी ठेवून वर ओले तरट घालावे. मडक्याच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते आतील उष्णता ओढून घेते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे साधन चांगले चालते. पावसाळी दमट हवेत जवळजवळ निकामी ठरते. मडक्यातील गारवा शीतकपाटाची बरोबरी करीत नाही, हे लक्षात ठेवावे. म्हणून रात्री दहाच्या सुमारास भिजवून पहाटे सहाला गाळावे, लागेल तेवढेच करावे आणि सकाळी न संपलेला अर्क टाकून द्यावा. काटकसरीच्या गृहिणीस हे रुचणार नाही, पण येथे तडजोड नको. शीतकपाटातील गाळलेला अर्क तीन दिवसांत संपवावा.

पिताना अर्कात तेवढेच पिण्याचे थंड पाणी घालावे. दूध घालावयाचे असल्यास तापवून गार केलेले घ्यावे व ते पेल्यातच मिसळावे, साठवणीच्या अर्कात कधीही नाही. अर्कात कॅफीन बरेच असते. अरेबिकापेक्षा रोबस्टा जातीच्या बियांत ते जवळजवळ दुप्पट असते. मुलांना ही कॉफी देऊ नये व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे. उन्हात राबणाऱ्या माणसाची तहान मात्र पाण्यानेच भागवावी. कॉफीचा पेला त्या हिशेबात धरू नये.

उरलेला चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर मिसळावा. झाडाच्या बुंध्याशी त्याचा जाड थर दिल्यास वाळून पापुद्रा धरतो आणि पाणी मुरत नाही.