जुन्या यांत्रिक नौकेचे पुनरुज्जीवन : मर्यादित निधीतील नियोजन

मे महिना सरत आला की पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारी नौका एकामागून एक वाळूवर ओढल्या जातात, झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. मात्र हर्णै असो, वेसावे असो किंवा गुजरातेतील वेरावळ, प्रत्येक बंदरात काही नौका अशा असतात की त्या पुन्हा पाण्यात उतरत नाहीत. कोणाचे इंजिन बसलेले असते, कोणाच्या फळ्या कुजलेल्या असतात, तर कोणाचा मालक कर्जाच्या ओझ्याने थकलेला असतो. अशी नौका अल्प किमतीत मिळते आणि नवी नौका आवाक्याबाहेर असलेल्या कुटुंबास ती मोहात पाडते. तो मोह रास्त ठरेल की घातक, हे दुरुस्ती सुरू होण्यापूर्वीच्या काही दिवसांत ठरते. कारण या व्यवहारात केवळ पैसा गुंतलेला नसतो. त्या नौकेवर जाणाऱ्या तांडेलाचे व खलाशांचे प्राणही गुंतलेले असतात.

प्रथम परीक्षा, नंतर किंमत

लाकडी नौकेचा रंग पाहून तिची प्रकृती कळत नाही. अनुभवी सुतार लहान हातोडीने फळ्या ठोकत जातो. सुदृढ लाकूड खणखणीत आवाज देते, तर आतून कुजलेले लाकूड बद्द वाजते. संशय येईल तेथे टोच्याचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत रुतले तर ती फळी बदलावीच लागते.

येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला समुद्राचे खारे पाणी मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी तिला पोषक असते. म्हणून जी नौका दोन-तीन पावसाळे उघड्यावर पडून राहिली, तिच्या तळापेक्षा वरच्या डेकची, डेकखालील आडव्या तुळयांची व पाठीमागच्या फळीची तपासणी अधिक कसोशीने करावी. तळाचा शत्रू निराळा असतो. शिंपल्याच्या कुळातील, किड्यासारखा लांबट दिसणारा एक जलचर लाकडात बारीक छिद्राने शिरतो आणि आतल्या आत बोगदे पाडीत जातो. बाहेरून टाचणीएवढे छिद्र दिसावे आणि आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळी असावी, असा हा प्रकार असतो.

तिसरी तपासणी खिळ्यांची व बोल्टांची. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचे लाकूडही काळे व ठिसूळ होते, आणि फळी शाबूत असूनही तिची पकड सुटते. नौकेच्या कण्यातील एखादा बोल्ट काढून पाहण्यास मालकाने संमती द्यावी, असा आग्रह खरेदीदाराने धरावा. मध्यभागी झिजून बारीक झालेला बोल्ट हाती आला तर उरलेल्यांची अवस्था वेगळी सांगावी लागत नाही.

कणा आणि बहुसंख्य फासळ्या सुस्थितीत असतील तर फळ्या बदलून नौका उभी करता येते. कणाच वाकला किंवा कुजला असेल, तर मात्र ती नौका फुकट मिळाली तरी महाग पडते. अशा वेळी तिचे इंजिन व इतर उपयुक्त भाग तेवढे घेणे शहाणपणाचे.

फटी बुजविण्याचे शास्त्र

पाण्याबाहेर राहिलेले लाकूड वाळते, आकसते आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. त्या पाहून नवखा मालक धास्तावतो आणि सिमेंट किंवा कठीण होणारे मिश्रण त्यांत घट्ट भरतो. नौका पाण्यात उतरल्यावर लाकूड पाणी पिऊन पुन्हा फुगते. परंतु फुगण्यास जागाच उरलेली नसल्याने फळ्या फासळ्यांवरून उचलल्या जातात आणि खिळे ताणले जातात. थोडी रक्कम वाचविण्याच्या नादात संपूर्ण सांगाडा सैल होतो.

यासाठी जुनी रीत आजही उत्तम आहे. फट साफ करून त्यात कापसाची दोरी बेताने ठासावी आणि वरून लवचीक राहणारे पूरण भरावे. उतरविल्यानंतर पहिले एक-दोन दिवस थोडे पाणी आत येणे स्वाभाविक असते. लाकूड फुगले की ते कमी होते. या काळात पंप तयार ठेवून नौकेवर पाळत ठेवावी. दोन-तीन दिवसांनंतरही गळती कमी होत नसेल तर नौका पुन्हा वर घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

अलीकडे लाकडी नौकेवर फायबरचे अस्तर चढविण्याकडे कल आहे. कोची येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने प्रक्रिया केलेल्या रबराच्या लाकडावर असे अस्तर चढवून लहान होड्या तयार केल्या आहेत. मात्र तेथे लाकूड कोरडे व प्रक्रिया केलेले असते, हे विसरता कामा नये. ओल्या व अर्धवट कुजलेल्या जुन्या फळ्यांवर अस्तर चढविल्यास ओल आत कोंडली जाते, अस्तर सुटू लागते आणि झाकलेल्या भागातील कूज कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अस्तर हे दुरुस्तीचे काम नव्हे; ते दुरुस्तीनंतरचे काम आहे.

इंजिन : दुरुस्ती की बदल?

दीर्घकाळ बंद असलेले इंजिन थेट बॅटरी जोडून सुरू करू नये. प्रथम ते हाताने फिरते का हे पाहावे. नंतर तेल तपासावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. टाकीतील जुने डिझेल व तळाशी साचलेले पाणी काढून, गाळण्या बदलून मगच इंजिन सुरू करावे. त्यानंतर धूर पुष्कळ काही सांगतो. काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी असल्याचे, निळा धूर वंगण जळत असल्याचे, तर इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचे किंवा पाण्याचे लक्षण असते. काळ्या धुराचा दोष पुष्कळदा इंजेक्टर व हवेची गाळणी यांच्या दुरुस्तीने जातो. निळा धूर मात्र मोठ्या खर्चाची सूचना होय.

स्वस्त पर्याय म्हणून ट्रकचे जुने इंजिन बसविण्याची प्रथा किनाऱ्यावर आढळते. ते चालते, परंतु त्यात समुद्राचे पाणी थेट खेळविल्यास आतील भाग लवकर गंजतात. इंजिनाभोवती गोडे पाणी आणि त्या गोड्या पाण्याला थंड करणारे खारे पाणी अशी दुहेरी व्यवस्था करावी लागते. तिचा व योग्य गिअरबॉक्सचा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही तर स्वस्त इंजिन स्वस्त राहत नाही.

अधिक अश्वशक्तीचा हव्यासही टाळावा. पाणी कापत जाणाऱ्या नौकेचा वेग तिच्या लांबीने मर्यादित होतो. पाण्याच्या रेषेवर ३० फूट लांबी असलेल्या नौकेसाठी ही मर्यादा ताशी सुमारे ७ सागरी मैल एवढी असते. त्यापलीकडे लावलेली शक्ती बव्हंशी लाटा उठविण्यात खर्च होते. या मर्यादेच्या आतही लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच वेग १० टक्के कमी केल्यास लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. ज्या व्यवसायात डिझेल हा प्रमुख खर्च आहे, तेथे हे गणित प्रत्येक फेरीला उपयोगी पडते.

इंजिन बसविल्यावर शाफ्टची रेषा जुळविणे महत्त्वाचे असते. जमिनीवर अचूक जुळविलेली रेषा पाण्यात बिघडू शकते, कारण तरंगताना नौकेचा आकार किंचित बदलतो. म्हणून अंतिम जुळवणी नौका पाण्यात उतरवून, लाकूड फुगल्यानंतर करावी. शाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथील पारंपरिक पॅकिंगमधून शाफ्ट फिरत असताना थेंब थेंब पाणी येणे आवश्यकच असते. ते पूर्ण बंद होईल इतके आवळल्यास शाफ्ट तापून झिजतो.

खर्चाचा क्रम

निधी मर्यादित असतो तेव्हा काय करावे यापेक्षा कोणत्या क्रमाने करावे, याला महत्त्व येते. पाणी बाहेर ठेवणारे काम पहिले, नौका चालविणारे दुसरे, जीव वाचविणारे तिसरे आणि शोभेचे सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये. प्रत्यक्षात अनेकदा रंगाचे डबे आधी येतात आणि लाइफ जॅकेटसाठी पैसे उरत नाहीत.

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दर बंदरागणिक बदलतात. पुढील आकडे केवळ मांडणीसाठी आहेत. समजा, एकूण तरतूद ४,००,००० रुपये आहे. त्यात सांगाडा व फळ्या यांसाठी १,४०,०००, इंजिन व शाफ्ट यांसाठी १,३०,०००, सुरक्षा साहित्य व वीजजोडणी यांसाठी ४०,०००, नौका ओढणे, नोंदणी व विमा यांसाठी २०,००० आणि अनपेक्षित खर्चासाठी ७०,००० रुपये राखून ठेवावेत. ही शेवटची रक्कम चैन नव्हे. जुनी फळी उचकटल्यावर तिच्यामागे काय दिसेल हे कोणताही सुतार आधी सांगू शकत नाही. ज्या अंदाजपत्रकात अशी तरतूद नसते, ते काम बहुधा अर्ध्यावर थांबते. आणि अर्धवट दुरुस्त नौकेला बाजारात भंगाराहून फारशी अधिक किंमत येत नाही.

काटकसरीच्या जागाही आहेत. खरवडणे, घासणे, रंगकाम ही कामे कुटुंबीय स्वतः करू शकतात. जुने पितळी सामान, पंखा, नांगर व साखळी तपासून पुन्हा वापरता येतात. मात्र खिळे व बोल्ट, समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपा, इंधनाच्या नळ्या आणि विजेच्या तारा जुन्या वापरू नयेत. पंख्याजवळ बसविलेली जस्ताची वडी स्वतः झिजून इतर धातूंचे रक्षण करते. म्हणून तिच्यावर रंग लावू नये आणि ती निम्मी झिजली की बदलावी.

वेळापत्रक आणि परतफेड

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत बंदी असते. दुरुस्तीस हाच काळ सोयीचा वाटतो, परंतु पावसाळ्यातील दमट हवेत रंग व रेझिन नीट धरत नाहीत. म्हणून परीक्षा व अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये, सांगाड्याचे व तळाचे काम एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आणि इंजिनाचे काम जून-जुलैत छपराखाली, अशी विभागणी हितावह ठरते. उन्हाळ्यात नौकेवर सावली धरावी. नाहीतर लाकूड प्रमाणाबाहेर तडकते. शेवाळ व शिंपले धरू न देणारा रंग मात्र नौका पाण्यात उतरविण्याच्या बेतास, उत्पादकाने दिलेल्या मुदतीत लावावा.

कर्जाची रचनाही या ऋतुचक्राशी जुळती असावी. वरील उदाहरणात मालकाचे स्वतःचे १,००,००० आणि मुदत कर्ज ३,००,००० रुपये धरल्यास, ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांत मुद्दलाचे प्रत्येकी १०,००० रुपयांचे हप्ते ठेवून तीन हंगामांत कर्ज फिटते. वार्षिक १२ टक्के हा दर उदाहरणादाखल घेतला तर पहिल्या हप्त्याच्या महिन्यात व्याजापोटी ३,००० रुपये, म्हणजे एकूण १३,००० रुपये भरावे लागतील. पुढे शिल्लक घटेल तसे व्याजही घटेल. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा वजा जाता महिन्याकाठी १३,००० रुपयेही हाती राहत नसतील, तर नौका कितीही उत्तम दुरुस्त झाली तरी तो व्यवहार तोट्याचा होय. हे गणित कर्ज घेण्यापूर्वी करावे. तसेच काम एक महिना लांबले तर वर्षाच्या कमाईच्या दहा महिन्यांपैकी एक महिना बुडतो, हेही लक्षात ठेवावे.

रकमेची उचल कामाच्या टप्प्यांनुसार केल्यास व्याज वाचते आणि प्रत्येक टप्प्यावर कामाची तपासणीही होते. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मत्स्यव्यवसायालाही देण्याची घोषणा झाली. तिचा उपयोग डिझेल, बर्फ, मजुरी अशा खेळत्या भांडवलासाठी आहे. फळ्या व इंजिन यांवरील भांडवली खर्चास मुदत कर्जच योग्य. खेळते भांडवल दुरुस्तीत अडकले तर नौका तयार असूनही डिझेलअभावी धक्क्याला उभी राहते.

कागदपत्रे व सुरक्षा

खरेदीपूर्वी नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना आणि तिच्यावरील पूर्वीचा कर्जबोजा तपासणे अत्यावश्यक आहे. महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमानुसार परवान्याशिवाय मासेमारी करता येत नाही. किसान क्रेडिट कार्डासाठीही नोंदणीकृत नौका व परवाना लागतो. इंजिन बदलल्यास त्याचा तपशील नोंदणीत दुरुस्त करून घ्यावा. अन्यथा विम्याचा दावा करताना अडचण उद्भवू शकते. नैसर्गिक झीज व कूज यांची भरपाई विमा देत नाही, हेही ध्यानात असावे.

नौकेवरील प्रत्येक माणसास एक लाइफ जॅकेट, लाइफबॉय, अग्निशामक, पाणी उपसण्याचा विजेवरचा व हाताचा असे दोन पंप, दिवे आणि संपर्कयंत्र यांत कपात करू नये. समुद्रावरील संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक खलाशास पाठ असावा. पहिली चाचणी फेरी किनाऱ्याच्या दृष्टिपथात, शांत हवामानात आणि सोबत दुसरी नौका ठेवून करावी.

जुनी नौका पुन्हा पाण्यात उतरते तेव्हा एका कुटुंबाचा चरितार्थ तिच्याबरोबर तरंगू लागतो. तो तरंगता राहावा यासाठी मोठ्या निधीहून अधिक गरज असते ती निर्मळ परीक्षेची, योग्य क्रमाची आणि वेळीच ‘नाही’ म्हणण्याच्या धैर्याची. नौकेच्या सौद्याचा विसार देण्यापूर्वी जाणत्या सुताराचा, मिस्त्रीचा आणि आपल्या बँक शाखेचा सल्ला घेतल्यास हे तिन्ही गुण ग्राहकास सहज साधतील.