रानगव्हाची खोल मुळे

गव्हाच्या पिकाला पाण्याचा ताण सर्वांत महागात पडतो तो ओंबी बाहेर पडताना आणि दाणा भरताना. जिरायत गहू जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतो. महाराष्ट्रात ही ओल मोसमी पावसाची असते, तर मोरोक्को, सीरियासारख्या भूमध्य सागराभोवतीच्या देशांत ती हिवाळी पावसाची असते. हंगाम दोन्हीकडे सारखाच संपतो. वरचा थर कोरडा पडतो, ऊन वाढत जाते आणि उरलेले पाणी खाली, मुळांच्या आवाक्याबाहेर राहते. ज्या वाणाची मुळे तिथवर पोहोचतात, त्याचा दाणा भरतो. बाकीच्यांचा दाणा बारीक आणि सुरकुतलेला राहतो.

खोल मूळ हा दुष्काळाला तोंड देण्याचा एक मार्ग झाला. काही वाण लवकर पक्व होऊन ताण येण्याआधीच सुटतात. काही फुलोऱ्यापूर्वी खोडात साखर साठवतात आणि पाने सुकू लागली की ती दाण्याकडे वळवतात. काही पेशींमधली विरघळलेल्या द्रव्यांची मात्रा वाढवून आतले पाणी धरून ठेवतात. यांतल्या प्रत्येक गुणामागे अनेक जनुके असतात आणि प्रत्येकाचा वाटा लहान असतो. तांबेऱ्याला रोखणारे एखादे प्रभावी जनुक मिळू शकते, तसे दुष्काळाच्या बाबतीत सहसा घडत नाही. म्हणून पैदासकाराला विविधतेचा मोठा साठा हवा असतो, आणि चपातीच्या गव्हाची अडचण नेमकी तिथेच आहे.

चपातीचा गहू दोन वनस्पतींच्या अपघाती संकरातून जन्मला. खपली गटातल्या लागवडीच्या गव्हात 28 गुणसूत्रे असतात. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याच्या परिसरात सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी त्याचा संकर एजिलॉप्स टाउशी या 14 गुणसूत्रांच्या रानगवताशी झाला. संततीत गुणसूत्रे दुप्पट झाली आणि 42 गुणसूत्रांचा नवा गहू तयार झाला. हे फार थोड्या वेळा घडले, त्यामुळे त्या गवताचा अगदी छोटा अंश गव्हात उतरला. पुढे शेतकऱ्यांच्या निवडीने आणि विसाव्या शतकातल्या सुधारित वाणांच्या प्रसाराने हा पाया आणखी अरुंद झाला. ते गवत मात्र तुर्कस्तानपासून इराण, मध्य आशिया आणि चीनच्या पश्चिमेपर्यंत, कोरड्या माळांवर आणि शेताच्या बांधांवर, कुणी पाणी न देता आजही उगवते. प्रत्येक ठिकाणच्या हवामानाने त्याला वेगळे घडवले आहे. गव्हाने जे कधी घेतलेच नाही, ते तिथे शिल्लक आहे.

या गवताचे नाते 1944च्या सुमारास जपानमध्ये हितोशी किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सीअर्स यांनी स्वतंत्रपणे उलगडले. त्यातूनच निसर्गातला तो संकर मुद्दाम पुन्हा घडवण्याची वाट खुली झाली. मेक्सिकोतल्या सिमिट या आंतरराष्ट्रीय गहू-मका संशोधन केंद्राने 1980च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले आणि असे हजाराहून अधिक ‘कृत्रिम’ गहू तयार केले.

या कामाची पद्धत चिकाटीची आहे. बन्सी म्हणजेच ड्युरम गव्हाच्या फुलातले पुंकेसर हाताने काढून टाकतात आणि त्यावर रानगवताचा पराग सोडतात. फलन होते, पण दाण्यातले पोषणद्रव्य नीट तयार होत नाही आणि गर्भ उपासमारीने मरू लागतो. म्हणून कोवळा गर्भ काढून प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवतात. उगवलेल्या रोपात 21 गुणसूत्रे असतात. त्यांना जोडीदार नसल्यामुळे हे रोप वांझ असते. त्यावर कोल्चिसिनची प्रक्रिया करून गुणसूत्रे दुप्पट केली की 42 गुणसूत्रांचे, बी धरणारे झाड मिळते. कोल्चिसिन हे वनस्पतीजन्य विषारी द्रव्य असून सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही ते असते.

इथवरचा प्रवास तुलनेने सोपा म्हणावा लागेल. तयार झालेले झाड शेतकऱ्याच्या काहीच उपयोगाचे नसते. रानगवताला स्वतःचे बी पसरवायचे असते, त्यामुळे त्याची ओंबी पिकताच तुटते. दाण्यावरची टरफले इतकी घट्ट असतात की मळणी होत नाही. बी उशिरा पक्व होते आणि पोळीचा दर्जाही घसरतो. हवे असलेले जनुक गुणसूत्रावर एकटे बसत नाही, शेजारची नको असलेली जनुकेही त्याच्याबरोबर येतात. त्यांना वेगळे काढण्यासाठी चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो आणि प्रत्येक पिढीतून हजारो झाडे तपासून मोजकी निवडावी लागतात. या कामाचा खरा खर्च, वेळेचा आणि पैशाचा, इथेच होतो. जनुक सापडल्याची बातमी वाचून बियाणे पुढच्या हंगामात येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मधली वर्षे या छाटणीत जातात.

नाते जितके दूरचे, तितकी अडचण वाढते. गव्हाच्या 5बी या गुणसूत्रावरचे पीएच1 हे जनुक फक्त अगदी समान गुणसूत्रांनाच जोडी जुळवू देते. त्यामुळे पीक स्थिर राहते, पण दूरच्या नातलगाचा तुकडा आत येत नाही. सीअर्स यांनी 1977मध्ये हे जनुक गमावलेला गहू मिळवला. त्यानंतर अशा तुकड्यांची देवाणघेवाण सुकर झाली.

फळे मिळाली आहेत. सिमिटच्या 2007मधल्या अभ्यासात कृत्रिम गव्हापासून निवडलेल्या वाणांची मुळे खोल थरात अधिक पसरलेली आणि तिथले पाणी अधिक खेचणारी आढळली. चीनच्या सिचुआन प्रांतात अशाच पैदाशीतून आलेला चुआनमाई 42 हा वाण 2003मध्ये प्रसारित झाला. त्याची ख्याती मात्र मुख्यतः उत्पादनासाठी आणि पिवळ्या तांबेऱ्याच्या प्रतिकारासाठी आहे. कोरडवाहू शेतीसाठी अधिक बोलके उदाहरण मोरोक्कोतले आहे. तिथल्या ‘जबल’ या बन्सी वाणात सीरियातून आलेल्या एजिलॉप्स स्पेल्टॉइडिस या रानगवताचा वारसा आहे. आयकार्डा या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने तो तयार केला. अवर्षणात शेजारचे वाण करपत असताना याने दाणा धरला, हे शेतकऱ्यांनी चाचणीच्या शेतात स्वतः पाहिले.

या वाणांची जनुकांतरित वाणांशी गल्लत होऊ नये. अर्जेंटिनाने 2020मध्ये मंजूर केलेल्या एचबी4 गव्हात सूर्यफुलाचे जनुक प्रयोगशाळेत घातलेले आहे. कृत्रिम गव्हात मात्र परागीकरण आणि निवड हीच मुख्य साधने असतात. 2018मध्ये गव्हाच्या जनुकसंचाचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध झाल्यापासून ही निवड वेगवान होऊ लागली आहे. रोप लहान असतानाच पानाच्या तुकड्यातून रानगवताचा कोणता भाग आला आणि कोणता गेला हे कळते, त्यामुळे नको ती झाडे शेतात नेण्याआधीच बाद करता येतात.

महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने जिरायत शेतीसाठी एमएसीएस 4028 हा बन्सी वाण आणि बागायत शेतीसाठी एमएसीएस 2971 हा खपलीचा बुटका वाण दिला आहे. यांतली खपली हे रानगव्हाशी अगदी जवळचे नाते असलेले जुने पीक असून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ती अजूनही पेरली जाते. तिची देशी बियाणी जपणे हाही याच प्रश्नाचा भाग आहे.

कारण साठाच गेला तर पैदासकाराच्या हाती काही राहत नाही. आयकार्डाची बीजपेढी सीरियातल्या अलेप्पोजवळ तेल हदिया येथे होती आणि गव्हाच्या रानटी नातलगांचा तिथला संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक होता. यादवी युद्धात तिथे काम करणे अशक्य झाले. सुदैवाने बियांच्या प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या भूमिगत भांडारात आधीच पोहोचल्या होत्या. 2015मध्ये आयकार्डाने त्या परत मागवल्या. 2008मध्ये उघडलेल्या त्या भांडारातून बी परत काढण्याची ती पहिलीच वेळ होती. लेबनॉन आणि मोरोक्कोमध्ये ते बी पेरून वाढवण्यात आले आणि 2017पासून त्याचा नवा वाटा स्वालबार्डला परत पाठवला जाऊ लागला. पेढीत नसलेले रानगहू मात्र अजून माळांवरच आहेत. चराई, नांगरट आणि युद्ध यांनी त्यांच्या जागा आक्रसत आहेत आणि तिथे जाऊन बी गोळा करणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.