पंपाचे बेअरिंग बदलताना
सावित्री नदीकाठच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायने अहोरात्र खेळती ठेवणारे अपकेंद्री पंप थकतात ते बहुधा सीलपाशी किंवा बेअरिंगपाशी. जुलै २०२१ सारख्या महापुराचे पाणी ज्या पंपावरून गेले, त्याचे बेअरिंग वरकरणी धड दिसले तरी बदलावेच. गाळाचा कण आत राहिला की रेस झिजू लागते.

जुने बेअरिंग पुलरने ओढून काढावे. नवे बसविताना हातोडा सर्वथा वर्ज्य, कारण बाहेरच्या कड्यावर दिलेला ठोका गोळ्यांमधून रेसपर्यंत पोहोचून तेथे जे सूक्ष्म खळगे पाडतो, तेच पुढे कंप आणि घरघर होऊन प्रकट होतात. इंडक्शन हीटरवर सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेले बेअरिंग शाफ्टवर विनासायास सरकते. उघड्या ज्योतीस मात्र सक्त मनाई असावी. निवताना ते किंचित मागे हटते, म्हणून खांद्याशी दाबून धरावे. तेलाची पातळी सर्वांत खालच्या गोळीच्या मध्यापर्यंतच. अधिक तेलाने बेअरिंग तापते. शेवटी, कपलिंग जोडण्यापूर्वी, पंप व मोटर यांचे शाफ्ट डायल गेज लावून एका रेषेत आणावेत, आणि या कामी यत्किंचितही हयगय करू नये.